दोंदोकावर ओरडू नये

खरं प्रेम बांधून ठेवत नाही, मोकळं सोडतं, असं सगळेच गंभीर चेहऱ्याने सांगतात. बार्रा दो सिपो गावाच्या धक्क्यावर मात्र ते पाच लिटरच्या कॅनमधून गोडं पाणी पाजत बसलं होतं.

मार्लूसीने कानावरचे हेडफोन काढले. ज्या रेडिओ-खुणेमागे तिने तीन दिवस खाडीतली तिवरं पालथी घातली, ती समोरच होती. शेपटीला पट्टा, पट्ट्याला तरंगतं यंत्र, आणि पुढे अडीचशे किलोंचं धूड... होडीला बिलगून, पोट वर करून, तोंड उघडून. समुद्रगाय. इथले कोळी तिला बैलमासा म्हणतात. अनाथ पिल्लं वाढवून समुद्रात सोडणाऱ्या केंद्रातल्या लोकांनी हिचं नाव ठेवलं होतं दोंदोका, म्हणजे लाडावलेली बाई. तिथेच खरं तर सगळं बिघडलं होतं.

होडीत एक तरुण कॅन तिरका धरून बसला होता. त्याच्या पापण्यांवर मीठ सुकलं होतं. हे मार्लूसीच्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं म्हणून ती जास्तच भडकली.

"अहो! काय चाललंय हे?"

"पाणी पितेय."

"ते दिसतंय मला! तुम्ही का पाजताय?"

"तहान लागलीय तिला." त्याने वर पाहिलं. "तुम्हाला हवंय? गार आहे."

"नको!"

"बरं. मी जोसिवाल. आणि तुम्ही केंद्रातल्या डॉक्टरीणबाई. टोपीवर चित्र आहे म्हणून ओळखलं, ओरडण्यावरून नाही."

मार्लूसीने दीर्घ श्वास घेतला. "ही बया महिनाभर माणसांपासून लांब राहिली तर समुद्र तिचा. नाहीतर उरलेला जन्म सिमेंटच्या टाकीत. आणि यांचा जन्म पन्नास-साठ वर्षांचा असतो. गेल्या वर्षी आम्ही सोडलेला एक नर असाच लाडाने मोटरबोटीजवळ गेला. पंख्याने..."

जोसिवालने कॅनला झाकण लावलं.

"म्हणजे दारात आलेल्याला पाणीसुद्धा विचारायचं नाही?"

"नाही. उलट हाकलायचं. वल्हं आपटा, शिव्या घाला."

त्याने वल्हं पाण्यावर अलगद टेकवलं. "बाई गं... निघतेस का? ऊन चढेल."

"याला हाकलणं म्हणतात?"

"आमच्या घरून कुणाला याहून वाईट घालवलेलं नाही, डॉक्टरीणबाई."

साहजिकच देखरेख गरजेची होती. मार्लूसी रोज येऊ लागली—निव्वळ कामासाठी. जोसिवालची आई डॉक्टरीणबाईंसाठी टॅपिओकाची पोळी बांधून द्यायची, वर खोबरं. मार्लूसी ती होडीच्या काठावर बसून खायची आणि खाता खाता रागवायची. त्याने पाणी बंद केलं होतं. दोंदोका जाळ्यात अडकेल या धास्तीने जाळंही बंद केलं होतं. ऐन बोय माशांच्या हंगामात तो गळ टाकून बसायचा आणि बाकीचे होडीवाले त्याला हसायचे.

तरी दोंदोका येतच होती.

"तुम्ही चोरून पाजताय!"

"आईशप्पथ नाही."

"मग ही येते कशी? ए, जा ना! जा म्हणते ना! काय मूर्ख जनावर आहे!"

दोंदोकाने मिश्यांचं तोंड वर काढलं, डोळे मिटले आणि होडीला आणखी चिकटली.

अकराव्या दिवशी केंद्रातून निरोप आला: अजून एक आठवडा असंच चाललं, तर तिला टाकीत परत आणू. मार्लूसी धक्क्यावर आली ती पाय आपटतच. जोसिवाल गळ गुंडाळत होता.

"एक विचारू? रागावणार नाही ना... नाही, रागवाच. त्याचंच विचारायचंय."

"काय?"

"पाणी बंद केल्यापासून पहाटे मी एकटा असतो, तेव्हा ती फिरकत नाही. तुम्ही येऊन गप्प बसता, तेव्हाही नाही. तुम्ही ओरडायला लागलात की तीन मिनिटांत हजर. लहानपणी तिला बाटली कोण द्यायचं?"

मार्लूसी पाण्याकडे बघू लागली. "मी. दोन वर्षं. पाजताना एक अक्षर बोलायचं नाही, असा नियम आहे. आवाजाची सवय लागते म्हणून."

"आणि?"

"मी... थोडंसं बोलले."

"थोडंसं म्हणजे?"

"दोन वर्षं." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "टाकीपाशी दुसरं कुणीच नसायचं. घरमालकीण, बस, साहेब... सगळ्यांना शिव्या घालून व्हायच्या. ती इतकं छान ऐकायची!"

म्हणजे ही बाई वैतागली की दूध येतं, एवढंच त्या जनावराला आयुष्यात कळलेलं होतं. चार वर्षांची मेहनत, आणि घाण केली कुणी? कोळ्याने नाही. डॉक्टरीणबाईंनी. तिचे डोळे भरून आले. त्याचाही तिला राग आला, पण ओरडायची सोय नव्हती.

जोसिवालने गळ खाली ठेवला. "तिचं कळतं मला. तुम्ही ओरडायला लागलात की... जवळ यावंसं वाटतं. मला वाटत होतं, हे फक्त माझंच होतंय."

मार्लूसीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मी उद्यापासून इथे येणार नाही," ती कुजबुजली. "धक्क्याच्या आसपाससुद्धा नाही."

"माहितेय." तोही कुजबुजला. "पण मला जमिनीवर चालता येतं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून, दीड तास बसने, खाडीपासून चांगल्या वीस किलोमीटरवरच्या तिच्या दारात उभा राहिला.

"काय काम आहे?" मार्लूसी म्हणाली.

"काही नाही. ओरडून घ्यायला आलोय."

"एवढ्या लांब? वेडा आहेस का तू? आणि शर्टाची बटणं वरखाली लावलीयस! बस चुकली असती तर? जेवलास का?"

तो दारातच उभा राहून, डोळे मिटून ऐकत राहिला. मग ती बोलायची थांबली, आणि बटणं तिनेच नीट लावली. त्या कामाला जरा जास्तच वेळ लागला.

धक्क्यावरचं ओरडणं थांबल्याच्या चौथ्या दिवशी दोंदोका धक्का सोडून खाडीतून वर नदीत निघून गेली. महिना भरला, तरी परत फिरकली नाही. मार्लूसीने अहवालात लिहिलं की माणसाचा आवाज दूर केल्याने हे यश मिळालं. जोसिवालच्या आईने साऱ्या गावाला सांगितलं की प्रेमाने केलं.

दोंदोका गेली त्या दिवशी वरच्या डोंगरात जोराचा पाऊस झाला होता आणि भरतीने खारट झालेलं नदीचं पाणी पुन्हा गोडं झालं होतं. केंद्राने पट्टा बांधून सोडलेल्या बाकीच्या चारही समुद्रगायी त्याच दुपारी नदीत वर निघून गेल्या होत्या.