रिसालदारांचा खांदा

साफा उडाला तो ग्वाल्हेरच्या नई सडकेवर, भर बाजारात.

महिपतराव घाटगे टांग्यातून उतरत होते आणि त्यांची मुलगी वनमाला टांगेवाल्याशी बोलत होती. तेवढ्यात वाऱ्याचा असा झोत आला की महिपतरावांच्या डोक्यावरचा केशरी साफा थेट रस्त्यावर! अशा वेळी कुणाचाही हात आपसूक डोक्याकडे जातो. महिपतरावांचाही गेला, पण खांद्यापर्यंत जाऊन तिथेच अडकला. दात-ओठ खात त्यांनी तो खाली घेतला. साफा उलगडत, लोळत पुढे चालला होता आणि वनमाला त्याच्यामागे धावत होती. शेवटी तो एका सायकलच्या चाकाशी जाऊन थांबला.

सायकलवाला उतरला. चांगलाच उंच होता. त्याने साफा उचलला, धूळ झटकली.

"हा तुमचा?"

"माझा कसा असेल? बाबांचा आहे."

"पण बांधलाय तुम्ही."

"कशावरून?"

"तशा मिशांचा माणूस इतका ढिला साफा बांधेल होय?"

वनमालाला राग यायला हवा होता. आला नाही. उलट हसूच येतंय की काय, अशी भीती वाटून तिने साफा जवळजवळ हिसकावून घेतला. तो मात्र तिच्याकडे न बघता महिपतरावांकडे बघत होता.

"काका, हात कधीपासून वर जात नाही?"

महिपतराव ग्वाल्हेर संस्थानच्या रिसाल्यात रिसालदार होते. घोड्यावरून पडून उजवा खांदा दुखावला, तो तेव्हापासूनच. पुढे संस्थान मध्य भारत राज्यात विलीन झालं, रिसाला मोडला, घोडे गेले; खांद्यातली कळ तेवढी त्यांच्याकडे राहिली. अलीकडे तर कोटाची बाही चढवायला आणि साफा बांधायलाही मुलगी लागे. एका मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, तेव्हा "उभ्या जन्मात कुणाची तलवार लागू दिली नाही, आता चाकू खाऊ?" असं म्हणून ते तडक घरी आले होते.

"चाकू नको, काका," सायकलवाला म्हणाला. "मी डॉक्टर मधुकर सुर्वे. इथल्या सरकारी दवाखान्यात विजेच्या शेकाचं नवीन मशीन आलंय. लहरी आत जातात, वरून नुसती ऊब लागते. बाकीची कसरत मात्र तुमची."

"करंट लगेगा?" महिपतरावांनी संशयाने विचारलं.

"बिल्कुल नाही. लागलाच तर आधी मला लागेल."

अशी ती उन्हाळ्याच्या अखेरीस सुरुवात झाली.

मशीन म्हणजे एक लोखंडी कपाट. त्यातून निघालेल्या दोन हातांना गाद्या लावलेल्या. त्या खांद्याच्या पुढेमागे बसवल्या की तांबडा दिवा लागायचा आणि कपाट गुणगुणायला लागायचं. महिपतराव डोळे मिटून घ्यायचे. घरी, दाना ओली नावाच्या गल्लीत, ते भिंतीवर बोटांनी वर वर चढायची कसरत करत आणि बोटं जिथवर पोहोचत तिथे वनमाला कोळशाने रेघ ओढी. रेघा वर सरकत होत्या. वनमाला बी.ए.चं पुस्तक घेऊन दवाखान्यात बसायची, आणि पान काही उलटायचं नाही.

"काका आता एकटे येऊ शकतील," एकदा मधुकर हळूच म्हणाला.

"मग साफा कोण बांधणार?"

"अजून ढिलाच बांधता की..."

"तर मग शिकवा ना!"

"मला कुठे येतो? मी तर कधी डोक्याला लावलाही नाही."

"एकदा तरी लावावा लागेलच की—" वनमाला बोलून गेली, आणि कानापर्यंत लाल झाली. मुंडावळ्या काय साफ्याशिवाय बांधतात? मधुकर मशीनची बटणं पुसायला लागला. ती चांगली स्वच्छ होती.

आणि मग, गणपती उठले त्या सुमाराला, भिंतीवरची रेघ थांबली. महिपतरावांची बोटं तिथवर जात आणि "बस, आगे नहीं," म्हणून ते हात खाली घेत. मधुकर चिंतेत पडला. वनमालाला मात्र वाईट वाटण्याआधी बरं वाटलं. बाबा बरे झाले तर या खोलीत यायचं कशाला? 'इतक्यात नको रे देवा,' ती मनात म्हणून गेली आणि स्वतःच दचकली.

दसऱ्याला त्याची शिक्षा मिळाली. दरवर्षी शमीच्या फांदीला पहिली तलवार लावायचा मान गल्लीत महिपतरावांचा. यंदा खांद्याचं नाव पुढे करून त्यांनी तो दुसऱ्याला दिला आणि कमरेवर हात ठेवून बाजूला उभे राहिले. वनमाला घरात जाऊन रडली. आपल्याच मागण्याने हे झालं, अशी तिची खात्रीच झाली.

त्यातच मध्य भारताचं नवीन मध्य प्रदेशात विलीनीकरण ठरलेलं. राजधानी भोपाळला जायची होती. कचेऱ्यांच्या पेट्या बांधल्या जात होत्या, घरोघरी कोण जाणार नि कोण राहणार एवढाच विषय. दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी मधुकरने गाद्या खांद्याला लावल्या आणि खाली बघत तो म्हणाला,

"मला भोपाळची ऑर्डर आलीय. मशीनही तिकडेच जातंय. आज शेवटचा शेक."

वनमालाने पुस्तक मिटलं.

"तुम्ही... जाणार?"

"जावं लागेल. पण काकांचा खांदा तसाच राहिला. आता ऑपरेशनसाठी चिठ्ठी द्यावी लागेल. मला जमलं नाही, वनमाला."

तिला पहिल्यांदाच त्याने नुसत्या नावाने हाक मारली होती, आणि तीही अशा वेळी! "असं नका म्हणू," ती पुटपुटली. "चूक माझी आहे. मीच मागत होते... बाबांना इतक्यात बरं वाटू नये म्हणून."

"का?"

ती हातातल्या बांगड्या फिरवत राहिली. तो बघत राहिला. खोलीत इतकं शांत होतं की तिला स्वतःच्या बांगड्या ऐकू आल्या.

"वा!" डोळे मिटलेले महिपतराव समाधानाने म्हणाले. "आज शेक मस्त लागला. एकदम हाडापर्यंत."

वनमालाने मशीनकडे पाहिलं. गुणगुण नव्हती. दिवा नव्हता. वायरचं टोक जमिनीवर पडलं होतं. डॉक्टरसाहेब लावायलाच विसरले होते.

"बाबा," ती म्हणाली, "हात वर करा."

"कुठे जातो पोरी, तुला तर—"

"बाबा. मशीन बंद आहे."

महिपतरावांनी एक डोळा उघडला. वायर पाहिली. मुलीचा चेहरा पाहिला. मग गाद्या बाजूला सारून त्यांनी उजवा हात उचलला, तो खांद्याच्या वर, कानाच्या वर, सरळ छताकडे.

"कधीपासून?"

"गणपती उठले तेव्हापासून."

"आणि दसऱ्याला? मान सोडलात तुम्ही!"

"तलवार उचलली असती, तर दुसऱ्या दिवशी इथे काय सांगून आलो असतो?" ते गुरगुरले. "म्हटलं तू बोलशील, नाहीतर हा बोलेल. दोघंही ताकास तूर लागू देईनात. मी आपणहून विचारावं आणि यानं नाही म्हणावं? रिसालदार कुणाच्या दारातून नकार घेऊन फिरला नाही कधी. पण किती दिवस खांदा धरून बसू?"

मधुकर मटकन स्टुलावर बसला.

"म्हणजे... खांदा बरा आहे? ऑपरेशन नको?"

"तुझ्यासारखा डॉक्टर असताना? छोड यार!"

मधुकरचा जीव भांड्यात पडला. तो हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. वनमालाही रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळेना. छातीवरचं ओझं मात्र उतरलं होतं. बाबा बरे होते. तिच्या मागण्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

"वनमाला," मधुकर उठून तिच्यासमोर आला, "भोपाळला येशील?"

"मशीनबरोबर?"

"मशीन मागाहून येईल. तू आधी ये."

"येईन," ती म्हणाली. मग बाबांकडे बघून चाचरली, "पण बाबांचा साफा..."

महिपतरावांनी तोवर डोक्यावरचा साफा उतरवला होता. त्यांनी तो झटकून पूर्ण उलगडला आणि एक टोक दातात धरून मधुकरपुढे येऊन उभे राहिले. जावई त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होता. त्यांची सोय व्हावी म्हणून मधुकर खाली वाकला.

"सरळ उभा राहा," रिसालदार दरडावले, आणि दोन्ही हात उंच नेऊन त्यांनी पहिला वेढा दिला.