साईनगरच्या अनुपमा वहिनी

अमरावतीचं विमानतळ शहरापासून लांब, बेलोऱ्याला आहे. शनिवारी दुपारी मी उतरले तेव्हा बाहेर दोन रिक्षा आणि एक लाल बस उभी होती. हे गाव मी पहिल्यांदाच बघत होते. मी बस धरली.

मी ठाण्याला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे. रिपोर्टवर सही करण्याआधी दोनदा बघते. नवऱ्याच्या बाबतीत मात्र दोन वर्षं न बघताच सही करत आले होते. सौमित्रची इथे बदली झाल्यापासून मी येते म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं: "तिथे काय आहे बघण्यासारखं? मीच येतो." मग त्याचंही येणं कमी झालं. आज मी त्याला न कळवता आले होते. दुसरी कोणी असेल, तर ती मला माझ्या डोळ्यांनी बघायची होती.

"अवो वहिनी! इकडं या." तिसऱ्या बाकावरच्या बाईंनी शेजारच्या सीटवरचा रुमाल उचलला.

"तुमचा काही गैरसमज होतोय."

"घ्या! अनुपमा वहिनी, कावून थट्टा करून राहिल्या? मी सुभद्रा. तुमच्या खालीच त राह्यतो आमी."

कंडक्टर आली. मी तोंड उघडायच्या आत तिने मशीनमधून साईनगरचं तिकीट काढून दिलं.

मी डोकं चालवलं. उत्तर सोपं होतं. सौमित्रने कोणाला तरी आणून ठेवलंय, आणि वर तिला माझं नाव दिलंय. चेहऱ्यात थोडंफार साम्य असेल. नालायकपणात तो इतका कल्पक असेल असं वाटलं नव्हतं.

बाहेर कापूस फुटलेली शेतं संपली, बडनेरा मागे पडलं. सुभद्राबाई बोलतच होत्या.

"कोजागिरीले भुलाबाईची गाणी झाली न, तवा तुमचा खाऊ कोणालेच ओळखता आला नाई. बंद डबा हालवू हालवू हात दुखले. अन् निघालं काय, त काकडीचं धोंडस!"

धोंडस, काकडीचा तो गोड केक, माझी आई करायची. सौमित्रला गोड काकडीचा वाससुद्धा चालत नाही, म्हणून लग्नानंतरच्या अकरा वर्षांत मी एकदाही केलं नव्हतं.

"साहेब त दर रविवारी मांगतात म्हणे."

मी रडायच्या बेतात होते. त्या बाईपेक्षा त्या धोंडसाचा मला जास्त राग आला.

"फोटो आहे त्या दिवशीचा?"

त्यांनी फोन पुढे धरला. आठ बायका, मधे भुलाबाईची मूर्ती. डावीकडून तिसरी मी होते.

साम्य नव्हे. मीच. मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून समोरच्याचं ऐकताना मी मान थोडी डावीकडे वळवते. ती तशीच वळलेली होती. अंगावरची साडी मी कधी घेतलेली नव्हती.

"कोजागिरीला मी ठाण्यात होते," मी म्हणाले. "ड्युटीवर."

सुभद्राबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग फोन पर्समध्ये ठेवला आणि खिडकीकडे सरकून बसल्या.

"अस्सं हाय काय," एवढंच म्हणाल्या.

साईनगरला मी उतरले. त्या माझ्यासोबत उतरल्या नाहीत.

सौमित्रच्या पत्त्यावरची इमारत, दुसरा मजला. दारावर दोघांची नावं होती.

मी बेल वाजवली.

सौमित्रने दार उघडलं. तो दचकला नाही. पकडलं गेल्याची लाजही तोंडावर नव्हती. मला बघून तो नुसता थकला.

"ती आली गं," त्याने आत वळून सांगितलं. दूधवाला आल्याचं सांगावं तसं.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मग माझाच आवाज आला. मला वऱ्हाडी बोलता येत नाही.

"आज तरी तिले आत घे न, सौमित्र. दर खेपेले दारातूनच रडत जाते बिचारी."