लाल दिवा दिसता कामा नये

तळेगावच्या घाटातलं तिसरं वळण मी ताशी चाळीसनं घेतलं आणि गाडी डावीकडे झुकली… झुकतच गेली. उजवी चाकं हलकी झाल्याचं स्टेअरिंगमध्ये कळलं. मग ती धपकन परत बसली. मागे पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या फुटल्या आणि शेजारी बसलेल्या माझ्या मदतनीस छायाचं कपाळ खिडकीवर आपटलं.

मी गाडी कडेला घेतली. घाट चढणारा एक मोटरसायकलवाला थांबला. वय तिशीचं, बोटांना ग्रीस, मागे बांधलेली हत्यारांची पेटी. त्याने आधी छायाला कुठे लागलं ते विचारलं, तिला पाणी दिलं, आणि मग तो गाडीकडे बघत राहिला – ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा.

"हे गाडी घेऊन तुमी घाटात काऊन आल्या, मॅडम?"

"का? घाटात यायला बंदी आहे?"

"थे वळनाचं… बंद आहे नं तिचं."

"काय बंद आहे?"

त्याने मान खाली घातली. "मीच केलतं बंद."

आमची संस्था विहिरींचं पाणी तपासते. ही गाडी विलायती, वीस वर्षांची. एक परदेशी प्रकल्प संपला तेव्हा आम्हाला मिळालेली. उंच गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला कलतेच. हिच्यात ते रोखायला एक पंप आहे. तेलाच्या दाबाने तो चाकांमधला आडवा दांडा पिळतो आणि गाडी सरळ राहते. पंप बिघडला की मीटरजवळ लाल दिवा लागतो. बारा दिवसांपूर्वी तो लागला, गाडी तळेगावच्या गॅरेजात गेली, आणि मी आणायला आले तेव्हा दिवा विझलेला होता. नंतर मी ती सेलू-वर्ध्याच्या सपाट रस्त्यांवरच चालवली होती.

म्हणजे बारा दिवस पंप बंद, दांडा नुसता लोंबतोय, आणि मला काही पत्ताच नाही.

"आन सांगाचं कोनी?" मी म्हणाले. "हे पोरगी मेली असती तं कोनाले विचारलं असतं मी?"

राग आला की माझी पुस्तकी मराठी कुठे जाते कोण जाणे. उरते ती सेलूची. त्यानेही ते टिपलं असावं, कारण क्षणभर त्याने वर पाहिलं… आणि लगेच खाली.

गाडी मी खाली नेतो, असं तो म्हणाला. मी नाही म्हटलं. त्याने वाद घातला नाही; मोटरसायकल वळवली आणि आमच्या पुढे चालू लागला. प्रत्येक वळणाआधी त्याचा डावा हात बाहेर यायचा आणि तळवा खाली-वर व्हायचा, हळू, हळू… झोपणाऱ्या लेकराला थोपटावं तसा. मला त्या हाताचाही राग येत होता. पण वळणं मी त्याच्याच तालावर घेतली.

गॅरेजात बाटल्या मोजल्या. अडतीसपैकी एकोणीस फुटल्या होत्या. चार गावं, तीन दिवसांचं काम वाया. समोर आलेल्या चहाकडे न बघता मी संस्थेच्या कागदावर तक्रार लिहायला घेतली. आमच्या अकरा गाड्या याच गॅरेजात येतात. हे पत्र पोहोचलं की त्या येणार नाहीत आणि ज्याने हे केलं तो आधी घरी जाईल, हे मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं. मी नाव विचारलं. अश्वजित, त्याने सांगितलं, आणि ज पहिली वेलांटी, असंही.

कपाळावर ओला रुमाल धरून छाया संत्रं सोलत होती. "ताई, कागद फाटून राह्यला," ती म्हणाली. "पेन जरा हलका धरा."

अश्वजितने जे सांगितलं ते असं : तेलाचा पाइप गंजून गळत होता. तसला पाइप मिळतो का म्हणून त्याने तीन शहरांत फोन केले. मिळेना, म्हणून पंपाचा पट्टा काढून ठेवला. एवढं मला समजत होतं.

"आणि दिवा?"

त्याने ड्रॉवरमधून काड्यापेटी काढली. वर गाडीचा नंबर आणि तारीख. आत कापसावर ठेवलेला बारीकसा बल्ब. मग त्याने गाडीचं लॉगबुक उघडून माझ्यासमोर धरलं. गॅरेजसाठी सूचना, माझ्याच अक्षरात : लाल दिवा पुन्हा दिसता कामा नये.

मला अर्थातच दुरुस्ती म्हणायची होती.

"म्हणजे चूक माझी?"

"नाई. थे वाचून बल्ब काढला, थो माह्या येडेपना. पन तुमाले सांगाचं पक्कं होतं. तुमी गाडी न्याले आल्या, चाबी फिरोली, दिवा नाई दिसला… आन तुमी हसल्या."

बाहेर कोणी तरी हातोड्याने टायर ठोकत होतं.

"मंग सांगनं झालंच नाई."

मला आठवलं, 'गेला एकदाचा' असं म्हणून मी हसले होते. दाराशी चावी घेऊन कुणी उभं होतं. त्याचा चेहरा मी पाहिलाच नव्हता. आता पाहिला. देखणा होता, आणि म्हणूनच राग दुप्पट झाला.

"ताप दिसू नये म्हणून थर्मामीटर फोडता तुम्ही? माझं हसू हिच्या कपाळाहून महाग होतं?"

मी पत्र त्याच्यापुढे सरकवलं. "वाचा," मी म्हणाले.

त्याने सावकाश वाचलं. कानामागचं पेन काढलं. "मागचा पाइप लिवला तुमी. समोरचा आहे." त्याने तो शब्द खोडून वर नीट लिहिला. मग पत्राच्या शेवटी एक ओळ घातली : बल्बही मीच काढला आणि मॅडमना सांगितलं नाही. खाली सही, तारीख. "आता पुरं झालं," म्हणाला आणि कागद परत दिला.

प्रयोगशाळेत मोठमोठ्या पदव्यांची माणसं मी पाहिली आहेत, आपल्या विरुद्ध जाणारा आकडा हळूच गाळणारी. स्वतःविरुद्धची तक्रार कुणी अचूक करून दिलेली पाहिली नव्हती.

पत्र मी पाठवलं. आमच्या संचालक प्रमिलाबाईंनी ते दोनदा वाचलं. आपली चूक अशी लिहून देणाऱ्याकडेच गाड्या राहू देत, म्हणाल्या. पण जागृती, ही गाडी तू स्वतः तपासल्याशिवाय रस्त्यावर येणार नाही.

म्हणून पुढचे तीन रविवार मी तळेगावला गेले. फक्त म्हणूनच. अश्वजितने वर्ध्याहून लोखंडी तुकडे करवून आणले आणि तो लोंबता दांडा साध्या गाडीसारखा पक्का बांधला. पंप नाही, तेल नाही. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मोकळ्या आवारात मी चुन्याचं वर्तुळ आखलं, आरशाला ओळंबा टांगला, मागे कंपासपेटीतला कोनमापक चिकटवला. मी गोल गोल गाडी फिरवायची, त्याने शेजारी बसून कोन वाचायचा.

"किती?"

"नऊ."

"मघाशी पाच होता. नीट बघा."

"मी… ओळंब्याकडे नोतो पाहून राह्यलो." कान लाल. "एक डाव अजून फिरा."

मी रागाने गिअर टाकला. तो गिअर दुसरा होता, तिसरा हवा होता. ते त्याच्या लक्षात आलं. बोलला मात्र नाही. हे न बोलणं मी त्याला माफ केलं.

चौथ्या रविवारी गाडी तयार होती. आवाराबाहेर संत्र्यांचे ढीग लागले होते, हवेला सालीचा वास. मी चावी फिरवली. मीटरजवळ लाल दिवा लागला आणि तसाच राहिला.

"हे काय?"

"पंप बंदच आहे नं. जोवर बंद, तोवर पेटलेला राहीन. खरं बोलते आता थे."

रिकामी झालेली काड्यापेटी त्याने डॅशबोर्डवर ठेवली. मी त्या दिव्याकडे बघत होते.

"माझा राग अजून गेलेला नाही," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"लवकर जाणारही नाही. स्वभावच आहे माझा."

"तं राहू द्या पेटलेला. दिसला पायजे, मंग माणूस वळनावर हळू होते." त्याने हात फडक्याला पुसले. "मी तुमचा बल्ब कधी काढनार नाई… जागृती."

मॅडम गळून पडलं होतं. त्याचं त्यालाच ते ऐकू आलं, आणि तो दारापाशी तसाच उभा राहिला – ओरडा खायच्या तयारीने.

मी लॉगबुक उघडलं. माझी जुनी ओळ खोडली आणि खाली लिहिलं : लाल दिवा कायम दिसला पाहिजे. मग आजची नोंद. चालक : जागृती. पुढचा रकाना 'सोबत'. तिथे बोट ठेवून मी पेन त्याच्या हातात दिलं.

त्याने नाव लिहिलं. ज पहिली वेलांटी.

"आन इथं?" पुढच्या रकान्यावर पेन थांबलं. "कुठपर्यंत… काय लिवू?"

"कोरं राहू दे," मी म्हणाले. "आन दार नीट लाव. घाट आहे समोर."