दालन अकरासाठी आठ ओळी

संग्रहालयाच्या सचित्र मार्गदर्शिकेचं शेवटचं प्रूफ काखेत मारून कानामात्राबाई दुपारी दोनला आत शिरल्या. छापखान्यात सगळे त्यांना याच नावाने हाक मारत, आणि त्याही निमूट ओ देत. सही करण्याआधी पुस्तकाच्या क्रमाने एकूण एक दालन पायी फिरायचं, पुस्तकातलं चित्र भिंतीवर आहे ना ते बघायचं, हा त्यांचा नेम.

आज पायाला भिंगरी होती. धाकटी बहीण फाटकाशी बॅगा घेऊन उभी होती. पाचची गाडी, आणि मग परदेश. कायमचा.

"ताई, तुझी चित्रं पळून जात नाहीत. मी जातेय," धाकटी फोनवर म्हणाली.

"दहाच दालनं गं. ही आले. मला भेटल्याशिवाय हलायचं नाही."

*दालन १. फळं आणि सुरी. पुढे: डावीकडून दालन २.*

बरोबर.

*दालन ७. पांढरा घोडा. पुढे: जिना चढून दालन ८.*

पुस्तकातला घोडा उजवीकडे बघत होता, भिंतीवरचा डावीकडे. फोटो उलटा लागला होता. बाईंनी पेन्सिलीने गोल केला.

*दालन १०. समुद्र. पुढे: दालन ११.*

बाई थबकल्या. मग स्वतःशीच हसल्या. सोळा पानांच्या शेवटच्या फर्म्यात एक पान कोरं राहत होतं. खरा मजकूर येईपर्यंत जागा धरायला त्यांनीच एका नसलेल्या दालनाच्या आठ ओळी ठोकून दिल्या होत्या. त्यासाठी दहाखालचं 'पुढे: बाहेर' खोडलं होतं. काढायचं राहूनच गेलं.

पेन्सिल टेकवणार, तोच पहारेकरी म्हणाला, "अकरा ना? हे काय समोर."

समोर दार होतं.

"हे कधी केलं?"

"मी लागलो तेव्हापासून आहे, बाई."

बघू तरी, म्हणून त्या आत गेल्या.

*दालन ११. या दालनात एक बाक आहे. भिंती करड्या आहेत. खिडकी नाही. उजेड कुठून येतो ते कळत नाही. बाहेरच्या पावलांचा आवाज इथे पोचत नाही. घड्याळ नाही. पाहणाऱ्याने सावकाश पाहावं. बाकावर बसायला हरकत नाही.*

शब्दाला शब्द. ताज्या चुन्याचा वास तेवढा त्यांनी लिहिला नव्हता.

त्या मागे वळल्या, दारातून बाहेर पडल्या. बाक. करड्या भिंती. पुन्हा वळल्या. बाक.

बाईंनी पान डोळ्यांजवळ धरलं. आठ ओळींत पान भरलं होतं. 'पुढे'ची ओळ त्यांनी घातलीच नव्हती.

छापखान्यात फोन लावला. "अकरावं दालन काढा! छापू नका!"

फोरमन हसला. "आता कुठलं? मशीन सुरू झालं. सकाळीच आली की सही तुमची."

"मी सही केलेली नाही!"

"काय बाई! तुमचं अक्षर आम्ही ओळखत नाही होय?"

मागे मशीनचा खडखडाट ऐकू येत होता. एकेक खडखड, एकेक प्रत.

त्यांनी पान बाकावर ठेवून लिहिलं: पुढे: बाहेर. अक्षर उठेना. दाबून लिहिलं. टोक मोडलं, आठ ओळींखाली कोरंच.

फोन वाजला.

"ताई, पावणेपाच झाले. अजून किती?"

"थांब गं, मी दारातच—"

"मघापासून दारातच आहेस. मला निघायला हवं."

"थांब. थोडीच थांब."

पलीकडे कुणी नव्हतं.

बाई बाकावर बसल्या.

किती वेळ, ते सांगता येणार नाही.

एक जोडपं आत आलं. नवऱ्याच्या हातात मार्गदर्शिका.

"अहो!" बाई म्हणाल्या. "तुम्ही बाहेर कसे जाणार? मला न्या सोबत."

नवऱ्याने पानावरून बोट फिरवलं. "दालन अकरा. बाक आणि बाई."

बायको वाकून जवळ आली. तिचा श्वास बाईंच्या गालाला लागला.

"पुस्तकात हिचे केस काळे आहेत."

"आपली प्रत जुनी आहे ना," नवरा म्हणाला, आणि त्याने पान उलटलं.