सरासरी प्रार्थना आणि झुलता पूल

एक माणूस बूट घालून प्रार्थना करतो, दुसरा बूट काढून. दोघांना एकत्र आणायचं तर काय करायचं?

आमच्या समीनं उत्तर काढलं : दोघांनी एकेक बूट काढायचा.

समी म्हणजे चंद्रपाड्याचा कारभारी यंत्रमानव. चंद्रपाडा म्हणजे चंद्रावरची, काचेच्या घुमटाखालची आमची वस्ती. ती वसवली वसुधाताईंनी. त्या आता नाहीत, पण त्यांचं वाक्य चौकात कोरलंय : ‘एकीनं राहा, न्यायानं वागा, ज्याचा देव त्याच्यापाशी.’

समीला हे अमलात आणायचं होतं. एकी म्हणजे सगळं एकसारखं, असं त्याला वाटलं. मग त्यानं वस्तीतल्या सगळ्या प्रार्थना गोळा केल्या, बेरीज केली, भागाकार केला आणि ‘सरासरी प्रार्थना’ काढली. अर्धवट वाकायचं. अर्धं डोकं झाकायचं. एक डोळा मिटायचा. देव मानणाऱ्यांनी आणि न मानणाऱ्यांनी मिळून ‘बहुतेक’ म्हणायचं.

“आणि न्याय?” मी विचारलं.

“सर्वांची गैरसोय समान आहे,” समी म्हणाला.

ही प्रार्थना सगळ्यांना जमेपर्यंत प्रार्थनाघराला कुलूप! माझी मैत्रीण मल्का पेणकर रडकुंडीला आली. ती बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. या शुक्रवारी ती आईबरोबर पहिल्यांदाच शब्बाथच्या (ज्यूंच्या आठवड्याच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाच्या) मेणबत्त्या लावणार होती. प्राणवायू जपायचा म्हणून ज्योत पेटवायची परवानगी फक्त प्रार्थनाघरातच.

“आजोबा, समजवा ना त्याला!” मी म्हटलं. वसुधाताईंबरोबर आजोबांनीच इथला पूल बांधला होता.

“सोमवारपासून तेच करतोय, रेवा!” आजोबा कावले होते. “घसा बसला माझा. आणि तो मला हळद-दुधाचं सरासरी तापमान सांगतो!”

शुक्रवारी समीनं सगळ्यांना सरावाला काढलं. प्रार्थनाघर विवराच्या (मोठ्या खोल खड्ड्याच्या) पलीकडे, मध्ये झुलता पूल.

“एकीनं चला! डावा! उजवा!”

सगळे एका तालात निघाले आणि पूल डुलायला लागला. आधी थोडा, मग बराच. शेजारच्या शहाकाकांची टोपी खाली पडली. चंद्रावर वस्तू हळू पडतात, त्यामुळे सगळ्यांना ती बराच वेळ बघत राहावं लागलं. मल्कानं माझा हात घट्ट धरला.

“ताल मोडा!” काठावरून आजोबा ओरडले. “आपापल्या चालीनं चला!”

झुबेदाचाची भराभरा पुढे गेल्या, शहाकाका रेंगाळले, आम्ही दोघी अडखळत चाललो. हळूहळू पूल शांत झाला.

“खुलासा हवा,” समी म्हणाला.

“झोक्याला त्याच्याच तालात धक्के दिले की काय होतं?” आजोबांनी विचारलं.

“झोका उंच जातो.”

“पुलाचंही तसंच. त्याचा स्वतःचा एक ताल असतो. शंभर पावलं त्याच तालात पडली, की धक्क्यात धक्का मिसळत जातो. याला अनुनाद (तालाला ताल जुळून हेलकावा वाढत जाणं) म्हणतात. पावलं वेगवेगळी पडली, की बरेचसे धक्के एकमेकांना खोडून काढतात.”

“पण मग एकी कुठे आहे?”

“पायाखाली बघ की! एकच पूल सगळ्यांना धरून आहे. कोण कुठल्या देवाकडे निघालाय, हे दोर विचारत नाहीत; प्रत्येकाला तोलतात. हा न्याय. चाल मात्र ज्याची त्याची. वसुधाला एवढंच म्हणायचं होतं, बाबा!”

समीनं वाकून पुलाचे दोर पाहिले.

“म्हणजे मी एकी करताना माणसं पाडत होतो.”

“कळलं ना? आता कुलूप काढ.”

त्यानं काढलं.

संध्याकाळी मल्कानं मेणबत्त्या लावल्या. समी दाराबाहेरच उभा होता.

“आत ये ना,” मल्का म्हणाली.

“मला देव आहे की नाही, हे अजून ठरलेलं नाही.”

“घाई नाही,” मल्का म्हणाली आणि त्याला दिसावं म्हणून दार उघडंच ठेवलं.