हरकत कुणाची?

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. त्या दिवशी चावडीत मी नव्हतो, पण हिरा माझी सख्खी चुलत बहीण. खोटं बोलणं तिच्या रक्तातच नाही.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. डिंभ्याच्या कालव्याकडेची एक वाडी, तालुका आंबेगाव. भर दुपार.

तिचा नवरा जानकू हिवाळ्यात मोटर चालू करायला गेला अन् कालव्यात पडला. प्रेत सापडलं ते पार खाली, जुन्नरच्या हद्दीत. तोंड ओळखू येत नव्हतं. दीर दादाभाऊनं सदरा पाहून "त्योच" म्हणत मान हलवली. हिरानं नुसती सही केली.

रडली नाही. आतून सगळं बधिर झालं होतं.

आता जमिनीला वारस म्हणून तिचं नाव लागायचं होतं. नाही लागलं तर "पोरीला घेऊन माहेरी जा", असं दादाभाऊनं तोंडावर सांगितलेलं.

भाऊसाहेब, म्हणजे तलाठी, चावडीत येऊन बसले. माणसं जमली. लाईट गेलेली. पंखा बंद.

"कुणाची हरकत?"

दादाभाऊनं खाली पाहिलं. चार माणसांत बोलायची त्याची छाती नव्हती.

बाहेरची कुत्री एकदम गप्प झाली...

मग आवाज आला. ओल्या चपलांचा.

पचक... पचक...

अहो, कालवा तर कोरडा ठणठणीत!

"माझी हाय," दाराबाहेरून कुणीतरी म्हणालं.

भाऊसाहेब बाहेरगावचे. त्यांना काय माहीत! "आत या की राव. नाव सांगा."

"जानकू..."

कुणी हललं नाही. भाऊसाहेबच दारापर्यंत गेले. बाहेर नुसतं ऊन. चिटपाखरू नाही.

जानकूची आई, रतनबाई, दादाभाऊकडं वळली.

"माझ्या लेकराचाच आवाज व्हता. मग आपण जाळलं कुणाला रं?"



हिरा उठली. जेवायला हाक मारावी तशा साध्या आवाजात दाराकडं बघून बोलली,

"जित्ता हायेस, तर घरी का न्हाई आलास? अन् मेलास, तर पोरीच्या तोंडचा घास का काढतोस?"



हरकत आली म्हणून नोंद थांबली, ती थांबलीच. हिरा पोरीला घेऊन माहेरी आली, आमच्या अवसरीला.

रोज सकाळी कुंकवाचा करंडा हातात घेते अन् तशीच बसून राहते.

"भाऊ, लावू का नको?" मला विचारते.

काय सांगू तिला? मला अजून सुचलेलं नाही.