भिंगरीची चाळीस मिनिटं

“उद्या या,” मान वर न करता तो म्हणाला.

“अहो, पण मी अजून काही बोललेच नाही!”

“सगळ्यांना आजच हवं असतं. म्हणून मी आधीच सांगून टाकतो.”

मग त्याने वर पाहिलं. एका डोळ्याला भिंग तसंच होतं, त्यामुळे तो डोळा बटाट्याएवढा दिसत होता... आणि तिला फस्सकन हसू आलं. आता दुकानात पहिल्यांदाच पाऊल टाकलेल्या बाईने दुकानदाराच्या तोंडावर असं हसावं का? पण हसू काय विचारून येतं?

घड्याळदुरुस्तीचं ते दुकान एवढंसं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवरच थांबायचं. तिने पर्समधून स्टॉपवॉच काढून काचेवर ठेवलं. सकाळीच हातातून निसटून फरशीवर आपटलं होतं.

“शर्यती घेता का?”

“हो. उठण्याच्या,” ती म्हणाली. “माझ्याकडे सहा वर्षांची एक मुलगी आहे. खुर्चीतून उठून उभं राहायला तिला वीस सेकंद लागायचे. आता चौदा लागतात.”

त्याने भिंग काढलं. “कशाने?”

“रोज पडून.”

आणि “उद्या या” म्हणणाऱ्या त्या माणसाने स्टॉपवॉच तिथल्या तिथे उघडलं, आणि दहा मिनिटांत तिच्या हातात दिलं. पैसे? छे, नकोत म्हणाला. पण आपली ही बाई असल्या संधी सोडणारी नव्हे.

“घेत नाही म्हणता ना? मग द्या तरी!” आणि तिने देणगीचा एक अर्ज त्याच्यापुढे सरकवला.

ती फिजिओथेरपिस्ट. त्याच गल्लीच्या टोकाला अपंग लेकरांची छोटी शाळा आहे, तिथली. मुलं, आईबाप, शिपाई, सगळेच तिला ताई म्हणत. शाळेची जुनी व्हॅन गेल्या महिन्यात कायमची बसली होती. त्या व्हॅनने सात मुलं यायची. कडेवर घेऊन, दोन बस बदलून लेकरांना आणता आणता आईबाप मेटाकुटीला आले होते, आणि दोघांनी तर आता जमत नाही म्हणून स्पष्ट सांगितलं होतं. खुर्ची चढवता येईल अशी एक जुनी पण धड व्हॅन सापडली होती. मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता, पुढे एक दिवस नाही. सातांपैकी पायांवर चालणारी ती सहा वर्षांची भिंगरी एकटीच. तीही वॉकर धरून. तिने शाळेच्या अंगणाला फेरी मारायची आणि लोकांनी फेरीमागे पैसे द्यायचे, असं ठरलं होतं.

“किती फेऱ्या मारेल?” त्याने विचारलं.

“एक.”

“एक? मग जमणार काय, कपाळ?”

खरंच की!

“आणि त्या एका फेरीला वेळ किती लागतो?”

“पाऊण तास.”

“मग मिनिटामागे मागा ना.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. एवढी साधी गोष्ट, आणि आपल्या टाळक्यात येऊ नये? त्याने तिथेच कागद ओढला आणि टपोऱ्या अक्षरात लिहिलं... ‘भिंगरी जितकी मिनिटं पायांवर असेल, तितक्या मिनिटांचे पैसे मी देईन. ती खुर्चीत बसली की घड्याळ बंद.’ खाली पहिली सही त्याचीच.

“फारच उपकार झाले,” ती म्हणाली. “येते.”

“थांबा. नाव नाही सांगितलंत.”

“सगळे ताई म्हणतात. तुम्हीही म्हणा.”

“बाकी काहीही सांगा,” तो भिंग पुसत, खाली बघत म्हणाला, “पण ते मात्र मला जमणार नाही.”

रस्त्याला लागल्यावर तिच्या लक्षात आलं, आपले कान गरम झालेत.

---

औषधवाला, इस्त्रीवाला, शिंपी, बेकरीवाली मावशी... आठवड्याभरात त्या कागदावर पन्नासेक सह्या झाल्या. हिशोब सोपा होता. भिंगरी चाळीस मिनिटं पायांवर राहिली की व्हॅन आलीच. पहिल्या सरावाला तिला चव्वेचाळीस मिनिटं लागली. वाटेत तिने मांजर पाहिलं, मुंग्या पाहिल्या आणि आजोबांच्या घोरण्याची नक्कल करून दाखवली. मूल पायाने अडलं होतं, पण जीभ अशी की विचारू नका. म्हणून तर आईने नाव ठेवलं होतं भिंगरी.

वेळ मोजायला घड्याळवाला रोज पाच वाजता यायचा. दुकान बंद करून.

“तुमचं गिऱ्हाईक जात असेल,” ती म्हणायची.

“उद्या येईल,” तो म्हणायचा.

भिंगरी मधोमध, हे दोघं दोन बाजूंना. चव्वेचाळीस मिनिटं गोगलगायीच्या चालीने चालायचं म्हटल्यावर माणूस बोलणार नाही तर करणार काय? त्याची आई दमेकरी होती, भात तोच लावायचा आणि रोज करपवायचा, हे तिला कळलं. तिला उंच इमारतींची भीती वाटते, हे त्याला. एकदा भुरभुर पाऊस आला तेव्हा त्याने छत्री उघडली आणि भिंगरीवर धरली. छत्री लहान, त्यामुळे दोघांचेही बाहेरचे खांदे भिजले. मधले मात्र... अगदी जवळ आले होते. दोघंही समोर बघत चालत राहिले.

“तुमच्या शाळेची घड्याळं फारच बिघडतात की काय हो?” तिच्या वहिनीने घरी विचारलंच. “रोज त्याच दुकानाचं नाव!”

“वहिनी, पुरे!”

“मी काय बोलले? मी आपली भाजी निवडतेय.”

पण दुसऱ्या आठवड्यात एक भलतंच झालं. चव्वेचाळीसची एकेचाळीस झाली. मग सदतीस. मग एकतीस! रोजच्या चालण्याने भिंगरीच्या पायांत जोर भरत होता. टाच टेकायला लागली होती. तीन वर्षं ताई जिच्यासाठी जिवाचं रान करत होती, ती टाच! आणि घड्याळवाल्याने “एकतीस” म्हटलं की ती मनात व्हॅनची मिनिटं मोजू लागायची... नऊ कमी!

“आठवडाभर सराव बंद ठेवा,” मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, हळूच म्हणाल्या. “पाय जरा... मागे पडतील. सात मुलांचा प्रश्न आहे गं.”

त्या दिवशी ती दुकानात गेली ती तणतणतच.

“तुमच्या त्या कल्पनेपायी आज मला तिचं चांगलं पाऊल बघवत नाही! कळतंय का तुम्हाला? ती भरभर चालली की मी दचकते. मी!”

“चुकलं माझं,” तो म्हणाला.

“चुकलं म्हणून काय होणार? सांगा ना, काय करू? थांबवू तिला?”

त्याने हातातलं घड्याळ खाली ठेवलं. “माझ्याकडे रोज लोक येतात, मागे पडतंय म्हणून. चांगलं चालणारं घड्याळ मागे पाडून द्या म्हणून कुणी आलं, तर मी त्याला पायरी चढू देणार नाही. तुम्हीही नाही देणार. उगाच मला विचारताय.”

खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. ती तशीच पायरी उतरून निघून गेली. सराव तिने एक दिवसही बंद ठेवला नाही. तो पाच वाजता येत राहिला आणि मिनिटं सांगत राहिला. ती मात्र त्याच्याशी बोलली नाही. मोजून सहा दिवस.

---

रविवारी सकाळी अंगणात ही गर्दी! बेकरीवाली मावशी खुर्ची घेऊन अगदी पुढे बसली होती. भिंगरीने एवढी माणसं पाहिली आणि ती अशी सुटली, अशी सुटली की वॉकरची चाकं खडखडायला लागली. मांजर आडवं गेलं तरी बघेना!

“हळू गं बाई...” मोठ्या बाई पुटपुटल्या.

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आनंदाचं की व्हॅनचं, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. “टाच, भिंगरे!” ती ओरडली. “टाच टेक! शाब्बास!”

फेरी संपली. घड्याळवाला म्हणाला, “चोवीस.”

सोळा मिनिटं कमी पडली होती.

“संपलं पण?” भिंगरी धापा टाकत म्हणाली. “मी कुठे बसलेय अजून? कागदावर लिहिलंय ना, बसले की घड्याळ बंद!”

मोठ्या बाईंनी घाईघाईने कागद काढून वाचला. पोरीचं खरं होतं. फेरीचं नावही त्यात नव्हतं.

आणि भिंगरीने वॉकर वळवला.

दुसरी फेरी मात्र सावकाश चालली होती. घड्याळ चोविसाच्या पुढे मोजत राहिलं. तीस मिनिटं. तेहेतीस. पस्तिसाव्याला तिचे गुडघे थरथरायला लागले. “अजून,” ती म्हणत होती, पण ओठ पांढरे पडले होते. फक्त चार-पाच मिनिटं! सगळ्या आया श्वास रोखून बघत होत्या. ताईने एकदा त्या आयांकडे पाहिलं, एकदा त्या गुडघ्यांकडे... आणि पुढे होऊन भिंगरीला उचलून खुर्चीत ठेवलं.

“बास. आज एवढंच.”

तिने घड्याळवाल्याकडे पाहिलं. तो चाळीस म्हणाला असता तर कुणी तपासायला येणार नव्हतं. त्याच्याही मनात ते आलं असावं, कारण तो क्षणभर अडखळला. ती नाही म्हणून मान हलवणार, तेवढ्यात तो स्वच्छ आवाजात म्हणाला, “छत्तीस मिनिटं.”

“काय सांगता?” औषधवाल्याने मनगट वर केलं. “माझ्यात चाळीस झाली!”

“माझ्यात एकेचाळीस,” शिंपी म्हणाला.

“शक्यच नाही,” घड्याळवाला गोंधळून म्हणाला. “ही सगळी घड्याळं मीच दुरुस्त केलीत. एकही पुढे नाही.”

“मग आज बिघडली!” बेकरीवाली मावशी कडाडली. तिच्या मनगटावर तर घड्याळच नव्हतं. “चाळीस म्हणजे चाळीस! लिहा हो बाई!”

मग जो हशा उठला, जे हात वर झाले... मोठ्या बाई पदराने डोळे टिपत लिहीत सुटल्या.

गर्दी पांगल्यावर ताई भिंगरीची खुर्ची ढकलत फाटकाकडे निघाली. तिच्या शेजारून तो चालू लागला.

“चाळीसच म्हणाला असतात तर?” तिने विचारलं.

“तर तुम्ही आयुष्यभर माझ्याशी बोलला नसतात. सहा दिवसांतच माझा जीव अर्धा झाला.”

“माझा काय वाढला होता?”

तो थांबला. ती थांबली.

“मला... म्हणजे मी...” शब्द काही केल्या फुटेना. “मला तुम्ही फार आवडता. तुमच्या शाळेत रोज पाच वाजता यायला मिळावं... कायमचं. बस.”

खुर्चीत मान टाकून पडलेल्या भिंगरीने एक डोळा उघडला. “ताई, हो म्हण ना पटकन! मला झोप येतेय.”

ती हसली, रडली, दोन्ही एकदमच. तिने खुर्चीचा एक दांडा सोडला आणि त्याचा हात धरून त्यावर ठेवला.

“हो,” ती म्हणाली. “आता नीट धरा. पुढे उतार आहे.”